दीड मीटर वरचा पूर

हासेलफुर्ट गावाचा इतिहास दगडात कोरलेला आहे आणि दगड कधी खोटं बोलत नाही, असं नगराध्यक्ष क्निगे साहेब गावच्या वाढदिवशी दर वर्षी सांगतात. यंदा ते पालिकेच्या भिंतीतल्या पूर-दगडाखाली उभे राहून हेच सांगत होते, तेव्हा दहा वर्षांच्या थिलोने जांभई देत बहिणीला विचारलं, "मग चर्चमधला खांब खोटं बोलतो का गं?"

"कसला खांब?" इम्के म्हणाली.

"इथे १६८२च्या पुराची रेघ साहेबांच्या टोपीच्या वर आहे. चर्चच्या खांबावर त्याच पुराची रेघ माझ्या कमरेशी आहे. प्रवचन लांबलं की मी तिच्यावर कोपर टेकतो."

"चर्चमध्ये पाणी वाकून शिरलं असेल. आदर म्हणून," इम्केचा मित्र माटेस म्हणाला.

एरवी तिघं हसून घरी गेले असते. पण वेझर नदीकाठच्या हेडामावशीच्या नावघराला पालिकेची नोटीस आली होती. सर्वांत उंच, म्हणजे दगडावरच्या १६८२च्या पूररेषेच्या खाली मुलांसाठी काही चालवायचं नाही, नावघर त्या रेषेच्या एक मीटर खाली, सोमवारी कुलूप. तिघं वल्हवायला तिथेच शिकले होते, आणि सुट्टीचे चार आठवडे बाकी होते.

"दगडाशी कोण भांडणार रे?" मावशी वल्ही बांधून ठेवत म्हणाली.

"चर्चची जमीनच उंच असेल तर?" माटेसला शंका आली. मग उत्तरही त्यालाच सुचलं. त्याचे बाबा गवंडी होते. "बाबा नळीने लेव्हल काढतात. पाणी दोन्ही टोकांना एकाच उंचीला राहतं."

पारदर्शक नळीत पाणी भरलं. नीट दिसावं म्हणून मावशीने त्यात लाल बेरीचं सरबत ओतलं. थिलोने एक टोक खांबाच्या रेघेशी धरलं. नळी चर्चच्या दारातून, गल्ली ओलांडून पालिकेपर्यंत गेली. मधे माटेस निरोप्या.

"थिलो, जरा वर! बरोबर रेघेवर आलं का?"

"आलं. हात दुखतोय."

"दुखू दे. इतिहास आहे."

इम्केच्या टोकाला लाल पाणी तिच्या गुडघ्याजवळ येऊन थांबलं. दगड तिच्या डोक्याच्या वर होता. तिने टेप लावली. फरक दीड मीटर.

"हा काय पोरखेळ?" क्निगे साहेब बाहेर आले. "पालिकेच्या भिंतीला सरबत?"

"साहेब, एकच पूर दोन उंचीला कसा येईल?"

"पालिकेची रेषा अधिकृत आहे."

"ते पाण्याला कुणी कळवलं नव्हतं बहुतेक," इम्के म्हणाली.

हे दप्तरखान्यातल्या ओल्मानबाईंनी खिडकीतून ऐकलं. या गावात काहीही लिहून ठेवल्याशिवाय होत नाही हे त्यांना ठाऊक होतं. अर्ध्या तासात त्या १९११ची वही घेऊन खाली आल्या आणि त्यांनी वाचलं, "पूर-दगडापाशी गावातली कुत्री पाय वर करतात. त्याने इतिहासाचा अवमान होतो. सबब दगड दीड मीटर वर बसवावा. एकमताने मंजूर."

दगड वर गेला होता. त्याच्याबरोबर पूरही वर गेला, हे शंभराहून अधिक वर्षं कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. नंतरच्या प्रत्येक इंजिनियरने त्याच दगडावरून मोजलं.

क्निगे साहेबांनी वही दोनदा वाचली. मग टोपी काढली. नावघर खऱ्या रेषेच्या अर्धा मीटर वर ठरलं, नोटीस मागे घेतली गेली.

"या मुलांनी इतिहासाला त्याच्या जागेवर आणलं," साहेब जमलेल्या लोकांना म्हणाले. "गावाला त्यांचा अभिमान आहे."

"शाबास रे पोरांनो," मावशी म्हणाली. "आता वल्ही सोडा, मी सगळी बांधून बसले आहे."

गुरुवारी माटेसच्या बाबांनी दगड खाली, मूळ जागी बसवला.

शुक्रवारी सकाळी आठ वाजता ओल्मानबाईंचा डाखशुंड कुत्रा तिथे थांबला आणि त्याने पाय वर केला.