वाळीतल्या घरचा चहा

वृंदा मला पहिल्यांदा दिसली ती गुडघाभर चिखलात रुतलेली. उधाणाने खाडीचा बांध फुटला होता. कासू स्टेशनच्या खालच्या अंगाला आमचं गाव. सगळी भातशेती खाऱ्या पाण्याखाली. ती डोक्यावर पाण्याचा कॅन धरून एका हाताने चप्पल शोधत होती.

"चप्पल सोडा, हात द्या," मी म्हणालो.

"हात नको, कॅन धरा. सांडला तर तुमच्याच गावाचं नुकसान."

कॅन धरला. चप्पल मात्र गेली ती गेलीच.

ती रोह्याच्या एका मदतसंस्थेची. वेशीवरच गावकीचे पुढारी महादेवकाका यांनी तिला अडवलं, माझ्याकडे बोट दाखवत म्हणाले, "सामान गावकीकडं द्या, आम्ही वाटू. पण ह्या महिपतीच्या घरी काय द्यायचं नाय. वाळीत हायत ते."

माझ्या वडिलांनी जमिनीच्या एका भांडणात गावकीविरुद्ध साक्ष दिली होती. वडील गेले, घर वाळीतच राहिलं. आमच्याकडे जो पाणी पिईल, तोही वाळीत.

मला वाटलं, आता ही काकांना चांगलं सुनावणार.

"तुमच्या भांडणात आम्ही पडत नाही," ती म्हणाली. "मी प्रत्येक घराची भिंत बघणार. ओल जिथे जास्त वर, तिथे कॅन आधी. चालत नसेल तर टेम्पो परत नेते."

गावात प्यायला थेंब नव्हता. काका वाटेतून बाजूला झाले.

भिंती बघितल्या, तर सगळ्यात वर ओल काकांच्याच घरात! पहिला कॅन त्यांना. आमचं घर उंचावर, नंबर बराच मागे.

"मला वाळीत टाकणाऱ्याला आधी?" मी भडकलो. "ते चुकतायत, हे कळत नाय तुम्हाला?"

"कळतं."

"मग बोला की!"

"बोलले तर उद्या टेम्पो गावात शिरणार नाही. मग तुमच्या आईला पाणी कोण देणार, तुम्ही? तुम्हाला साधी चप्पल सापडली नाही."

रागातही मला हसू आलं.

कॅन मिळताच आईने त्यातल्याच पाण्याचा चहा केला. "घे गो, घोटभर."

वृंदाने कपाकडे पाहिलं... मग माझ्याकडे. "काम संपेपर्यंत कुणाच्याच घरी काही घेत नाही, आई. काकांकडेही घेतला नाही."

ती रोज यायची. मी रोज विचारायचो, "आज चहा?" ती नाही म्हणायची, पण म्हणण्याआधी थांबायची... जरा जास्तच.

बांध दुरुस्त झाला, संस्थेचं काम आटोपलं. आता ती कशाला येतेय, असं मी धरून चाललो होतो. रविवारी ती आली. कासू स्टेशनवरून चालत, एकटी, भर गावातून. अंगात संस्थेचं निळं जॅकेट नव्हतं. पायात नवी चप्पल होती.

आमच्या ओटीवर बसली. "चहा आहे ना?"

"इथं प्यालात तर तुम्ही पण वाळीत."

"माहीत आहे रे." पहिल्यांदाच 'रे' म्हणाली.

"समोरून काका बघतायत..."

"बघू दे. म्हणून तर आत नाही बसले. तेव्हा मी संस्थेची होते. आज माझी मी आहे, आणि मी तुझ्या बाजूने आहे."

कप रिकामा करून तिने तो काकांना दिसेल असा कठड्यावर ठेवला. पुढच्या महिन्यात आमचं लग्न झालं.

मागच्या वर्षी तापाने वृंदा गेली. तिचं जॅकेट आता मी घालतो. खांद्यात घट्ट होतं. कुठे बांध फुटला की संस्थेबरोबर जातो, भिंतीची ओल बघतो. लोक चहा विचारतात. मी नाही म्हणतो.

तिच्यासारखा थांबत नाही मात्र. लगेच म्हणतो.