शेऱ्याचा रकाना

“काय वैताग आहे,” मी फोनवरच पुटपुटले. आयातीची कागदपत्रं बंदरावर अडू नयेत म्हणून आमची कंपनी ती आधी तपासते, आणि शहरातल्याच चामराजपेटेतल्या एका क्लिअरिंग एजंटच्या फाइलमध्ये खोक्यांच्या संख्येचा रकाना कोरा होता. पलीकडून आवाज आला, “वैतागू नका अक्का, स्वल्प थांबा. बघून सांगतो.”

चक्क मराठी. नागपूरहून बेंगळुरूला येऊन मला सात महिने झाले होते, आणि इथे मी मराठी बोलायची ती फक्त आरशाशी.

त्याचं नाव गिरीराज. घराणं कित्येक पिढ्या इथलंच, त्यामुळे मराठीला कन्नडची फोडणी. दुसऱ्या दिवशीच्या फाइलमध्येही रकाना कोरा... तिसऱ्या दिवशीच्याही. मी रागवायची, तो “सरी, सरी”, म्हणजे ‘बरं, बरं’, करत आकडा सांगायचा आणि मग मी जेवले का ते विचारायचा. मल्लेश्वरमच्या माझ्या खोलीत हे विचारणारं कुणी नव्हतं. पंधराव्या दिवशी त्याचं ‘अक्का’ गळून गेलं आणि तो ‘कस्तुरी’ म्हणाला. लक्षात आल्याचं मी दाखवलं नाही — पण दिवसभर हसत होते.

मग साहेबांनी सांगितलं, हे रोजचे फोन बंद व्हायला हवेत. नवा फॉर्म मीच बनवला. रकाना कोरा राहिला, तर फाइल पुढेच जाणार नाही. आपल्याच हातानं पायावर धोंडा पाडून घेतला म्हणा ना. शेवटचा ‘शेरा’ तेवढा ऐच्छिक ठेवला, तिथे कुणी काही लिहीत नाही म्हणून.

सोमवारी फॉर्म सुरू झाला. साहेब खूश. फोन करायला कारणच उरलं नाही. मंगळवारीही नाही, बुधवारीही नाही. उगीच करावा तर... तो कामापुरताच बोलत असला तर? फार एकटं वाटलं. गुरुवारी डबा उघडला आणि तसाच बंद केला.

तेवढ्यात त्याची फाइल आली. खोकी चौदा. वजन, देश, सगळं चोख. आणि शेऱ्यात मराठीत लिहिलं होतं — “आकडा मला रोजच ठाऊक असायचा. आता कोरं सोडता येत नाही. चूक नसली तरी फोन करता काय?”

मी लगेच केला.

“काय चुकलं?” त्याचा आवाज घाबरलेला.

“काहीच नाही. तुमची आठवण येते... जेवलात का?”

“सोमवारपासून नीट नाही.”

“मग थांबा,” मी डबा पिशवीत टाकला. “चामराजपेटेला कुठली बस येते, तेवढं सांगा.”