बोरमाळच्या शेतातली टाळी

नवीन जागी टेम्पो लागला की सलील आधी खाली उतरून एक टाळी वाजवायचा. चहा नंतर, गावकऱ्यांशी रामराम नंतर, आधी टाळी. ती परत कशी येते त्यावरून त्याला जागा कळायची. भिंत कुठे आहे, पत्र्याचं शेड कुठे आहे, स्पीकरचं तोंड कुठे केलं तर आवाज घुमेल, सगळं एका टाळीत. यवतमाळच्या लोहाऱ्यातून सोळा वर्षं तो असा गावोगाव साऊंड घेऊन फिरत होता. बायको स्पृहा कायम बरोबर. टेम्पो तीच चालवायची, माईक तीच लावायची, आणि मिक्सरवर बसलेल्या नवऱ्याला मंचावरून डोळ्यांनी दटावायचीही तीच. संसार आणि धंदा एकाच टेम्पोत मावला होता आणि त्याबद्दल दोघांची काही तक्रार नव्हती.

दुखणं एकच होतं, आणि ते सलीलने बायकोलाही सांगितलं नव्हतं. त्याचा उजवा कान चालला होता. दिवाळीपासून त्यात बारीक शिट्टी वाजायची आणि शिट्टीपलीकडचं काही ऐकू यायचं नाही. एका कानावर मिक्सर किती दिवस चालवणार? कान गेला तर धंदा गेला, आणि धंदा गेला तर दोघांची ही भटकंती गेली. त्याला खरी धास्ती होती ती भटकंती जाण्याची.

जानेवारीत बोरमाळला खंजिरी भजनाची तीन दिवसांची स्पर्धा होती. मारेगावच्या पुढे, कापूस वेचून पऱ्हाट्या उपटलेलं शेत, चहूकडे मोकळं रान. सलील उतरला, टाळी वाजवली.

मोकळ्या रानात टाळी परत येत नाही. गेली ती गेली. ही आली. पूर्वेकडून, कोरडी, स्वच्छ. आणि ती उजव्या कानात आली.

शेताच्या धुऱ्यावर, बांधाकडेला सांडलेल्या कापसाचा बोळा त्याने डाव्या कानात कोंबला आणि पुन्हा वाजवली. पुन्हा आली.

“तुले ऐकू आली का?” त्याने बोळा काढत विचारलं.

“काय?” स्पृहा वायरचं वेटोळं सोडत होती.

“टाळी. वापस आली ना.”

“इथं कशावरून वापस येईन? चल, हात चालव. दहाला भजन सुरू होऊन राह्यलं.”

जागेचा आवाज मोजायला त्याच्याकडे लॅपटॉप आणि एक पेनाएवढा माईक होता. त्याने टाळी मोजली. पडद्यावर एक उंच रेघ उमटली, ती टाळीची. तिच्या मागे एक बुटकी, ती परतीची. म्हणजे भास नव्हता. हिशेबाने टाळी एकशे बारा फुटांवरून परतली होती. तो पावलं मोजत तिथवर गेला. काळी माती, ढेकळं, एक तुटकी खराट्याची काडी. बाकी काही नाही.

शेताची मालकीण रुखमाबाई चहाची किटली घेऊन आली. सत्तरीची, ताठ बाई.

“मावशी, इथं आधी काही बांधकाम होतं का?”

“नाही बापा. माह्या सासूच्या सासूपासून इथं कापूसच. काहून?”

“काही नाही, असंच.”

तिने एकदा पूर्वेकडे पाहिलं आणि कप भरला. दुपारी मात्र तिने बायकांसाठी टाकलेल्या सतरंज्या उचलायला लावल्या आणि पार पश्चिमेच्या टोकाला नेऊन अंथरल्या. उन्हाचं कारण सांगितलं. ऊन दोन्हीकडे सारखंच होतं.

दुसऱ्या सकाळी टाळी चाळीस फुटांवरून परतली.

सलीलला खरं म्हणजे तेव्हाच सामान गुंडाळावंसं वाटायला हवं होतं. पण माणूस बरा होत असला की वैद्याला गाव विचारत नाही. त्याच्या कानातली शिट्टी निम्मी झाली होती. खंजिरीच्या चकत्या त्याला एकेक वेगळ्या ऐकू येत होत्या, म्हाताऱ्या गायकाचा ओळीआधीचा श्वाससुद्धा. मिक्सरवर बसल्या बसल्या त्याचे डोळे भरून आले.

तिसऱ्या दिवशी सहा फूट. शिट्टी गेली. त्या दिवशीचा आवाज त्याच्या सोळा वर्षांतला सगळ्यात गोड आवाज होता. मंडळीमागून मंडळी उतरून मिक्सरजवळ येत होती, हात जोडून जात होती.

दुपारी पिठलं-भाकर खाताना त्याने बायकोला सांगून टाकलं. “माहा उजवा कान गेलता, स्पृहा. दिवाळीपासून. आता वापस आला.”

तिने तोंडाशी नेलेला घास खाली आणला. “आन् मले आज सांगून राह्यला तू?”

“तू घाबरली असती.”

“घाबरली तर असतीच. सोबत घाबरलो असतो ना.” तिने घास खाल्ला, मग स्वतःच्या भाकरीवरचं लोणी त्याच्या ताटात लोटलं. “सोमवारी कान तपासायचा. मी नेते.”

संध्याकाळी पाचला सामान भरताना त्याने शेवटची टाळी मोजली.

पडद्यावर दोन रेघा उमटल्या. आधी बुटकी. मग उंच.

त्याने वायर तपासली, माईक तपासला. मग लॅपटॉप मिटला आणि स्पृहाला काही सांगितलं नाही.

सोमवारी यवतमाळला कान तपासणाऱ्या सुहासिनी मॅडमनी त्याला काचेच्या खोलीत बसवलं, कानांवर हेडफोन चढवले, हातात बटण दिलं. आवाज ऐकू आला की दाबायचं. तो बाहेर आल्यावर त्यांनी कागद पुढे सरकवला.

“डावा थोडा कमजोर आहे. उजवा लहान लेकरासारखा आहे.”

सलील हसला.

“पण एक विचारू? मी आवाज सोडायच्या आधीच तुम्ही बटण दाबत होते. फक्त उजव्याला.”

“किती आधी?”

“सुरुवातीला चुटकीभर. शेवटी चार-पाच सेकंद.” त्यांनी पेनाचं टोपण लावलं. “अंदाजाने दाबलं म्हणावं, तर एकही चुकला नाही तुमचा.”

बाहेर दुपारचं लख्ख ऊन होतं. स्पृहा टेम्पो सुरू करून वाट बघत बसली होती. तो तिच्या डाव्या हाताला बसला.

“ठणठणीत,” तो म्हणाला.

तिचं हसू त्याला उजव्या कानात ऐकू आलं. त्याने वळून पाहिलं. तिचा चेहरा अजून गंभीर होता. मग ती हसली, आणि तेच हसू डाव्या कानात आलं.

त्याला गंमत वाटली. आयुष्यभर तिचं बोलणं दोनदा ऐकायला मिळालं तरी त्याची ना नव्हती.

उजव्या कानात ती बोलू लागली. “आता ऐक. दिग्रसच्या कार्यक्रमाले आपण दोन नवे मा”

तिथेच. शब्दाच्या मधोमध.

पुढचा शब्द ऐकायला तो थांबला. उजव्या कानात इंजिन चालू होतं. रस्त्यावरून एस.टी. गेली. कुठेतरी शटर वर गेलं. कोणीतरी धावत आलं आणि टेम्पोच्या दारावर थापा मारू लागलं. तिचा आवाज नव्हता.

रस्ता रिकामा होता. दाराशी कोणी नव्हतं.

स्पृहा त्याच्याकडे वळली. खूश होती.

“आता ऐक,” ती म्हणाली.