माळ्यावरून कोण उतरलं?

भुतं रात्रीच दिसतात असं तुम्हाला वाटत असेल, तर वाटू द्या. ही गोष्ट भर दुपारची आहे. गेल्या हिवाळ्यातली, इंझोरीच्या शिवारातली. जिच्यावर बेतली ती पौर्णिमा माझ्या सख्ख्या मावशीची पोरगी. खोटं बोलून तिला काय मिळणार, सांगा?

तिचा धाकटा भाऊ संघदीप. हवाई दलात पायलट.

लिहायला सोपं आहे हो! माझी मावशी, भागिरथा, दुसऱ्यांच्या ज्वारीची राखण करायची. वावरात चार खांबांचा माळा, त्यावर बसून दिवसभर पाखरं हाकलायची. संघदीप त्या माळ्यावरच शिकला. पौर्णिमानं शाळा सोडून गोफण धरली आणि भावाच्या हाती पुस्तक दिलं. तो हेलिकॉप्टर उडवायला लागला तेव्हा गावातला जो तो आभाळाकडे बघायला लागला.

गेल्या पावसाळ्यात ते हेलिकॉप्टर डोंगरात पडलं.

सोबतचा पायलट लखीराम, राजस्थानचा. तो जागीच गेला. संघदीप बरेच दिवस दवाखान्यात होता, पण वाचला.

दिवाळीनंतर तो घरी आला. तोंड तेच. हनुवटीवरचा व्रण तोच. मावशीनं त्याला गळ्याशी धरलं.

त्यानं पौर्णिमाकडे पाहिलं...

"नमस्ते दीदी."

जन्मभर 'ताई' म्हणणारा भाऊ! तिच्या मनात पाल चुकचुकली ती तिथंच.

"माय, हा मले दीदी काहून म्हणून राह्यला?"

"फौजेत राहून जीभ बदलली असंल. जित्ता पोरगा घरी आला, तुले काय खुपून राह्यलं वं?"

गप बसली बिचारी. पण डोळे थोडेच गप बसतात?

संघदीप असा डावरा, की लहानपणी मार खाऊनही डाव्या हातानंच जेवायचा. हा उजव्या हातानं जेवत होता. ठेच्याला बोट लावत नव्हता, दूध मागत होता.

लाईट गेली, पंखा बंद पडला, की त्याच्या खोलीतून आवाज यायचा...

थप... थप... थप... थप...

डोक्यावर काहीतरी मोठं फिरत असल्यासारखा. दार उघडलं की बंद. आणि तो खाटेवर, छताकडे बघत.

मग वावरातला प्रकार झाला. हे वावर त्याच्याच पगारातून घेतलेलं. मावशीनं हौसेनं ज्वारी पेरली होती. कणसं भरली होती, पोपटांचे थवे तुटून पडत होते. एका दुपारी तो माळ्यावर जाऊन बसला...

आणि सगळं चिडीचूप.

पोपट सोडा, साधी चिमणी नाही. शेजारचा सेवालाल तर खूशच झाला. "साहेब, उद्या आमच्या वावरात या ना बसाले! गोफणीची कटकटच मिटली."

सगळे हसले. पौर्णिमाच्या अंगावर काटा आला.

आमच्याकडे राखणीची एक रीत आहे. माळ्यावरच्या माणसाला घरच्यानं नाव घेऊनच हाक मारायची. नुसतं 'ये रे' म्हणायचं नाही. नाव न घेता बोलावलं तर भलतंच कोणी उतरतं, असं म्हातारे सांगतात.

पौर्णिमाला दवाखाना आठवला. संघदीप डोळे उघडत नव्हता. मावशी कानाशी रडत होती. "ये रे बाळा. ये माह्या राजा, परत ये..."

नाव?

नाव घेतलंच नव्हतं कोणी.

दुसऱ्या दुपारी ती माळ्याखाली जाऊन उभी राहिली.

"संघदीप!"

तो हललासुद्धा नाही.

"अरे संघदीप, ताई बोलावून राह्यली. उतर ना रे!"

वर नुसती पाठ दिसत होती. पौर्णिमा धुऱ्यावर, वावराच्या बांधावर, बसून ढसाढसा रडली. भाऊ समोर होता आणि भाऊ नव्हता. हे सांगायचं तरी कोणाला?

काही दिवसांनी लखीरामची आई आली. शेवटच्या घडीला आपल्या पोराजवळ कोण होतं, ते तिला बघायचं होतं. मावशी आणि पौर्णिमा तिला वावरात घेऊन गेल्या.

म्हातारी धुऱ्यावरच थांबली. माळ्याकडे बघत राहिली. मग तिनं हाक मारली...

"लखी? ओ लखी... नीचे आ जा, बेटा."

तो उतरला.

सरळ तिच्या पायाशी बसला आणि तिच्या मांडीवर डोकं ठेवलं.

"मंग माहा भाऊ कुठी आहे?" पौर्णिमा किंचाळली.

म्हातारी त्याच्या केसांतून हात फिरवत होती. तिनं वर पाहिलं.

"बेटी, एक बात बता. हमारे आँगन में दोपहर को कोई आवाज देता है. दिखता कोई नहीं. रोज एक ही बात. मैंने रट ली, पर मतलब नहीं समझी."

मग एकेक शब्द जपून उच्चारला तिनं.

"ताई... मले... घ्याले... ये."

पौर्णिमा दुसऱ्याच दिवशी म्हातारीबरोबर राजस्थानला गेली. अजून परतली नाही. तो मात्र इथंच आहे, मावशीनं त्याला जाऊ दिलं नाही. मावशी त्याला दोन्ही वेळ वाढते, आणि हा माहाच पोरगा आहे म्हणून गावाशी भांडते.

परवा दुपारी मी पौर्णिमाला फोन लावला. ती लखीरामच्या घरच्या अंगणात होती. मला थांब म्हणाली आणि भावाला नाव घेऊन हाक मारली. मग बराच वेळ काही नाही...

मग ती हसली. म्हणाली, "हळू ये, पडशील."

हे ती माझ्याशी बोलत नव्हती. मी फोन ठेवून दिला.