झिऱ्याचा नाला आणि खाऊचा डबा

मयूरीने डोळे मिटले, हात जोडले आणि निर्माल्याची थैली फरशीपुलावरून खाली नाल्यात सोडली. शहाद्यात सगळेच असं करतात. गणपती उठले की घरोघरची सुकलेली फुलं याच पुलावर येतात. पण खाली पडल्यावर थैली “ओय!” म्हणाली, हे मात्र तिने आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं.

ती कठड्यावरून वाकली. गुडघाभर गाळात एक उंच तरुण उभा होता. हातात फावडं, केसांत झेंडूच्या पाकळ्या, आणि कानावरून एक दूर्वा लोंबत होती.

“आज देव बरा डोकावरच पावना!” तो वर बघून म्हणाला. मग त्याचे डोळे बारीक झाले. “थांब... तू गुलाबाईनी मयूरी ना वं?”

माय वं! भावेश! शेजारच्या गल्लीतला, केळीवाल्या पाटलांचा भावेश! मयूरीला वाटलं, पुलाने दुभंगून आपल्याला पोटात घ्यावं.

“सॉरी... मला दिसलंच नाही—”

“डोया मिटीसन टाकशी, ते दिसई कसं? चाल, खाले उतर. तूच टाकी, तूच उचल.”

आता कॉलेजात शिकवणाऱ्या मुलीला भररस्त्यात असं कोणी दरडावतं का? पण मयूरी उतरली. चपला हातात घेऊन, ओढणी कमरेला खोचून, नाक दाबून उतरली. तिने थैली उचलली तेव्हा कडेला बसलेल्या प्रमिलाबाईंनी टाळ्या वाजवल्या. प्रमिलाबाई म्हणजे या रविवारच्या मंडळींच्या मुकादमच. उन्हाळ्यापासून दर रविवारी ही माणसं नाला उपसत होती. गाद्या, टायर, फाटक्या साड्या... गावाने जे जे नको म्हटलं ते सगळं इथून निघत होतं.

“कसाले एवढी मेहनत?” तिने विचारलं.

“कोजागरीले गुलाबाई अठेच बुडाले पाहिजे, म्हणून,” भावेश म्हणाला आणि पुन्हा फावड्याला लागला. पण बोलताना त्याची नजर जरा जास्तच वेळ तिच्यावर थांबली होती, आणि ते तिला कळलं होतं.

गुलाबाई! त्या एका शब्दाने तिला कुठल्या कुठे नेलं. भाद्रपदाच्या पौर्णिमेला गुलाबाईची मातीची मूर्ती बसली की कोजागरीपर्यंत गल्लीतल्या पोरी रोज संध्याकाळी एकेका घरी गाणी म्हणायच्या. गाणी संपली की झाकलेल्या डब्यात खाऊ यायचा. डबा कानाशी हलवायचा आणि आत काय ते ओळखायचं. मयूरी कधीच हरायची नाही. पोरी म्हणायच्या, हिच्या कानात देव बसलाय. देव कसला! भावेश आधीच आत डोकावून दाराआड उभा असायचा. आत करंज्या असल्या की हवेत बोटाने चंद्रकोर काढायचा, शेव असली की मिशीवरून बोटं फिरवायचा. तेव्हा त्याला मिशी नव्हती, तरी!

आणि कोजागरीला गुलाबाई या नाल्यात, झिऱ्यापाशी बुडवायच्या. वाळूतून पाणी उमलायचं तिथे. ओंजळीने प्यायचं, इतकं गोड. मग गाव वाढलं, गटारं इकडे वळली. गुलाबाई गच्चीवरच्या बादलीत बुडू लागली, पोरी पांगल्या, मयूरी शिकायला सुरतेला गेली. परत आली तेव्हा नाल्यावरून जाताना रुमाल नाकाला लावायची सवय गावासारखी तिलाही लागली.

पुढच्या रविवारी ती ‘सहज’ आली. त्याच्या पुढच्याही. सहज म्हणून माणूस जुने कपडे आणि हातमोजे घेऊन येतं होय! गटारांचं पाणी चर खणून बाजूला वळवलं, पुलाखाली जाळी बसली, काठाला वाळ्याचं गवत लागलं, निर्माल्यासाठी पुलावर पिंप आलं. एका सकाळी तिच्या फावड्याखालची वाळू ओली झाली, भिजली, आणि तिच्यातून पाण्याचा बारीक बुडबुडा वर आला.

“भावेश! झिरा!”

तो धावत आला. दोघं गुडघ्यांवर बसून त्या एवढ्याशा पाण्याकडे बघत राहिली. त्याच्या बोटांना तिची बोटं लागली... दोघांनीही हात काढला नाही.

“तुला आठवतं? चंद्रकोर?” ती हळूच म्हणाली.

“माले सगळं याद शे.”

“सगळं म्हणजे?”

त्याने पुलाकडे पाहिलं. “जाळी सैल झाली वाटतं,” म्हणत तो उठून गेला. मयूरीने चिडून वाळूची मूठ पाण्यात फेकली.

“पोरी, हाऊ भावेश भलतं बोलस,” प्रमिलाबाई हसू दाबत म्हणाल्या, “पन जे बोलाले पाहिजे ते याना तोंडमा येतच नही.”

आणि ते यायला हवं होतं. लवकर. सुरतेच्या कापडवाल्यांचं स्थळ आलं होतं, मुलगा चांगला होता, आणि पप्पांनी कोजागरीपर्यंत उत्तर मागितलं होतं. गावात ही बातमी भावेशला ठाऊक नसणं शक्यच नव्हतं. मग तो गप्प का? तिला रडू यायचं, राग यायचा, आणि रविवार आला की पुन्हा पाय नाल्याकडेच वळायचे. ती त्याच्यावर प्रेम करत होती. बस्स. पण त्याच्या मनातलं त्यानेच सांगायला हवं, एवढा हट्ट तिचा होता.

कोजागरीच्या आधीचा रविवार. झिऱ्याभोवती आता गुडघाभर नितळ पाणी साचलं होतं. काम आटोपलं, माणसं पांगली. भावेशने पिशवीतून झाकणाचा पितळी डबा काढला. त्याच्या आईचा, गुलाबाईतला. मयूरीने लगेच ओळखला.

“ओळख.”

तिने डबा कानाशी हलवला. काहीच वाजेना. “पेढे?”

“नही.”

“खोबऱ्याची वडी? ...सांजोरी? घट्ट बसवलीय का रे? खूण तरी दे!”

त्याने मान हलवली. आज त्याची बोटं हवेत काही काढत नव्हती.

“हरले,” ती म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदा.

त्याने झाकण उघडलं. डबा रिकामा होता.

“रिकामा? खाऊचा डबा रिकामा आणतं का कोणी?”

“तू लगीन करीसन सुरतले चालनी गई,” तो पाण्याकडे बघत म्हणाला, “ते मन्हाकडे एवढंच ऱ्हाई.”

वेडा! इतके रविवार गाळ उपसला आणि एवढं वाक्य काढायला याला डबा लागला. तिने झाकण लावलं आणि डबा छातीशी धरला.

“कोठे चालनी? मन्ही आईना डबा शे तो!”

“असू दे. शेजारचा डबा आम्ही रिकामा परत करत नाही,” ती म्हणाली, आणि डोळे पुसत चढण चढून गेली.

कोजागरीला दिवस कलताना पोरी गाणी म्हणत नाल्यावर आल्या. गुलाबाई यंदा साध्या काळ्या मातीची, बिनरंगाची होती. फुलं पुलावरच्या पिंपात ठेवून पोरी पाण्यात उतरल्या. भावेश काठावर एका बाजूला उभा होता. त्याचा चेहरा पार उतरला होता. गर्दीतून मयूरी आली आणि तिने डबा त्याच्या हातात दिला.

“ओळख.”

त्याने डबा कानाशी नेला. आत बारीक, रवाळ असं काहीतरी सळसळलं.

“रवा?” तो घाबरत म्हणाला.

मयूरीने मान हलवली. “सकाळी पप्पांना सांगितलं, सुरतेला नाही म्हणून कळवा. मग बाकीचंही सांगितलं. आधी रागावले. मग स्वतःच उठून डब्यात हे भरलं.”

त्याने झाकण उघडलं. साखर होती, पांढरीशुभ्र.

“म्हणजे साखरपुडा...?” त्याने साखरेकडेच बघत विचारलं.

“आता तरी बोलशील का रे काही?”

भावेशने चिमूटभर साखर तिच्या ओठांना लावली. “माले तू पाहिजे. तव्हयपासून. दाराआडपासून.”

समोर पोरींनी गुलाबाई पाण्यात सोडली आणि एकच गलका केला. मयूरीने साखर चाटली, वाकून झिऱ्याचं पाणी ओंजळीत घेतलं आणि हसून त्याच्यापुढे धरलं.