पाचव्या घरचं कापड

अकरा वाजून सत्तावीस मिनिटं झाली होती. सकाळचे. एकोणीसशे सत्तर सालचा मार्च महिना, मंगळवार. वेळ इतकी नेमकी सांगते म्हणून हसू नका. माझा पहिला मुलगा आठ महिन्यांचा होऊन गेला, तेव्हा डॉक्टरांनी विचारलं होतं, ताप किती वाजता चढला? मला सांगता आलं नव्हतं. तेव्हापासून घरात काहीही झालं की माझी नजर आधी गजराच्या घड्याळाकडे जाते.

आम्ही तेव्हा कासारवाडीला राहत होतो. रुळांच्या अलीकडे सहा खोल्यांची पत्र्याची चाळ. हे पहिल्या पाळीला पहाटेच जायचे. दहा वाजले की बायकाही कामाला, बाजाराला पांगायच्या. मग मी आणि भिकी. कागदावर तिचं नाव पद्मा. पण पहिलं मूल गेलेल्या घरात दुसऱ्याला चांगल्या नावाने हाक मारत नाहीत. मागून आणलेली, म्हणून भिकी. आणि मागून आणलेल्या मुलाला कापडही मागून आणलेलंच लागतं. पाच घरी पदर पसरून मी पाच तुकडे आणले होते, त्यांची गोधडी शिवली होती. शेजारच्या छबूबाईंनी तेव्हाच बजावलं होतं, "कुनाच्या अंगावरचं कापड हाय ते इचारायचं न्हाई, पोरी. आन् परत द्यायचं न्हाई. कापड परत दिलं म्हंजी पोरीचं आयुक्ष परत दिलं."

मी विचारलं नाही.

त्या मंगळवारी मी ज्वारी निवडत होते. भिकी दहा महिन्यांची, गोधडीवर पालथी. लोहगावचं विमान घरावरून गेलं. ते रोजच जायचं. पत्रा थरथरायचा, फळीवरची भांडी वाजायची, एवढंच. पण त्या दिवशी भिकीने मान खाली घातली आणि तोंड गोधडीत खुपसलं. रडली नाही. आवाज रुळांपलीकडे विरला, तशी बारीक हाक आली.

"कानू…"

पोरीचा पहिला शब्द. आई नाही, बाबा नाही. कानू.

"अगं, कान म्हणतीया ती!" संध्याकाळी छबूबाई म्हणाल्या. "इमानाच्या आवाजानं कान दुखाय लागला आसंल. लसणाचं तेल घाल कोमट."

तेल घातलं. ओव्याची पुरचुंडी शेकली. रोज त्याच वेळेला कानू, कानू. आणि भिकीने दूध सोडलं. पहिल्याचंही असंच सुरू झालं होतं, आधी दूध तुटलं, मग ताप. पिंपरीच्या डॉक्टरांनी कानात बॅटरी मारून पाहिलं, म्हणाले, "कान स्वच्छ आहे हो बाई. तेल घालणं बंद करा आधी."

हे रात्री म्हणाले, "सातवी पास ना तू? मुलं बोलायला लागली की काहीही बडबडतात. जरा झोप काढ. घड्याळाकडे बघून बघून घड्याळाचे काटे झिजवशील."

मी हसले. यांनी तेवढ्यासाठीच म्हटलं होतं. पण गोधडीच्या कोपऱ्यातला तो पाचवा तुकडा मी त्यांना दाखवला नाही. काळा, जाडसर, तांबडे-पांढरे पट्टे विणलेला. तसं कापड आपल्याकडे कुठे दिसत नाही. सोड्यात दोनदा उकळला तरी त्याला वास यायचा. चूल पाण्याने विझवल्यावर येतो ना, तसा.

शुक्रवारी विमान आलं नाही.

मी नळावरून घागर भरून आणत होते. आभाळ कोरं होतं, एक घारसुद्धा नव्हती. दारात पाऊल टाकलं आणि आवाज सुरू झाला. लांबून, मग जवळ, मग अगदी डोक्यावर. पण पत्रा थरथरला नाही. भांडी वाजली नाहीत. दोरीवरचं माझं पोलकं तसंच सरळ लोंबत होतं. घड्याळात अकरा सत्तावीस.

भिकी कोपऱ्यात ट्रंकेला टेकून बसली होती. हातात चमचा, चमच्याचं टोक तोंडात. ओठ मिटलेले. माझ्याकडे बघत होती.

आणि गोधडीतून हाक आली.

"कानू… कानू…"

गोधडीवर कुणी नव्हतं.

घागर कुठे ठेवली आठवत नाही. भिकीला उचललं आणि अनवाणीच निघाले. पाचवं घर शालनबाईंचं, दोन गल्ल्या सोडून. त्यांचे मालक ज्ञानदेव आधी फौजेत होते, आता एका कंपनीच्या फाटकावर रात्रपाळीचे वॉचमन. नुकते झोपेतून उठून बशीत चहा ओतत होते.

"शालनबाई, नेम मोडते. तुम्ही दिलेलं कापड कुणाचं होतं?"

शालनबाई नवऱ्याकडे बघत राहिल्या. "यांच्या ट्रंकेतलं होतं. हे ड्यूटीवर होते, मी टोक कापून दिलं. नवं-कोरं दिसलं म्हणून…"

मी सगळं सांगितलं. कान, तेल, डॉक्टर. ज्ञानदेवांची बशी तोंडाशी थांबली.

"काय म्हणते म्हणालात?"

"कानू."

त्यांनी बशी खाली ठेवली. "वहिनी, ते कान नाही. हे कापड जिथलं, तिकडच्या डोंगरातली बोली आहे. का म्हणजे माझी. नू म्हणजे…" त्यांनी भिकीकडे पाहिलं. "आई."

ते जमिनीकडे बघत बोलू लागले. चार वर्षांपूर्वी, असाच मार्च. आसामच्या डोंगरात बंडवाले उठले होते, फौजेची माणसं वर वेढ्यात अडकली होती. ज्ञानदेवांची तुकडी त्यांना सोडवायला पायी चढत होती.

"आपलीच विमानं आमच्या डोक्यावरून गेली, बॉम्ब टाकायला. मी घड्याळ पाहिलं, अकरा सत्तावीस. आम्ही टाळ्या वाजवल्या, वहिनी. आपली माणसं सुटणार म्हणून. मग पुढच्या डोंगरावर धूर दिसला. तिसऱ्या दिवशी त्या गावात पोचलो. बंडवाला एकही नव्हता. माणूसच नव्हतं. कुंपणाच्या बांबूला हे कापड अडकलेलं. मला वाटलं, वाळत घातलंय. चांगलं दिसलं, बायकोला होईल म्हणून पिशवीत घातलं. रात्री बघितलं तर त्याला गाठ होती. तिकडच्या बायका पोराला पाठीशी बांधतात ना, तशी. गाठ घट्ट होती… कुणी सोडलेलीच नव्हती. आणि आत काही नव्हतं."

"आणि पोर? आई?"

"एवढं विचारू नका."

शालनबाई म्हणाल्या, "ती गाठ मी सोडली. कापायच्या आधी… दातांनी सोडली."

त्यांनी ट्रंक उघडली. फौजी कोटाखाली उरलेलं कापड होतं. ज्ञानदेवांनी ते उचललं, आणि तिघांनीही पाहिलं. गाठ बांधलेली होती.

"घेऊन येते तुकडा परत," असं माझ्या ओठांवर आलं होतं. पण भिकीचा गाल माझ्या मानेला लागला, तो गरम होता. परत द्यायचं नाही. परत दिलं म्हणजे आयुष्य परत दिलं. मग देता येत नाही तर काय उरतं? मी पदर पसरला.

"उरलेलंही मला द्या," मी म्हणाले.

शनिवारी मी भिकीला छबूबाईंबरोबर बाजाराला पाठवलं आणि खोलीत एकटी बसले. पाचवा तुकडा गोधडीतून उसवून त्या कापडाला शिवला. ज्ञानदेवांनी दाखवलं होतं तसं, गाठ न सोडता ते डोक्यातून घातलं, पाठीवर सैल सोडलं. चाळीत चिटपाखरू नव्हतं. घड्याळाची टिकटिक तेवढी. अकरा पंचवीस… सव्वीस…

आवाज आला. डोक्यावर आला. मी डोळे मिटले नाहीत, दाराकडे बघत राहिले. आणि पाठीवरचं कापड हळूहळू ताणलं गेलं. खांद्यावर ओढ बसली. मानेवर श्वास लागला, ओला, छोटा.

"कानू?"

मी उठले. पहिल्याला थोपटत फिरायचे तशी भिंतीपासून भिंतीपर्यंत फिरले, हात मागे नेऊन. हाताला काही लागलं नाही. वजन मात्र होतं. आवाज विरला तेव्हा तेही गेलं.

त्या संध्याकाळी भिकी दूध प्यायली. आठवड्याने मला आई म्हणाली. यांना मी काही सांगितलं नाही. हे म्हणाले, बघ, तेल लागू पडलं शेवटी.

या गोष्टीला तीन वर्षं झाली. भिकी आता चार वर्षांची होईल, विमान आलं की टाळ्या पिटते. मी अजून रोज अकरा पंचवीसला दार लोटून ते कापड घालते. एकही दिवस चुकवला नाही, चुकवायची छाती नाही. लग्नकार्याला जात नाही, माहेरी जात नाही. कुणाला सांगायचं, पाठीवर कोण आहे? आणि अलीकडे मला वाकावं लागतं. ते वाढतंय. परवा भिकीला कडेवर घेतलं तेव्हा कळलं, वजन तेवढंच आहे.

तुमच्यापैकी कुणाचा भाऊ, दीर, मुलगा आसामच्या त्या डोंगरात फौजेत असेल, तर त्याला लिहा. तिथल्या बायकांना विचारायला सांगा. काळ्या कापडावर तांबडे-पांढरे पट्टे, ही खूण. सांगा, मूल कासारवाडीत आहे, त्याला एकटं ठेवलेलं नाही. त्या वेळेला मी दाराला कडी लावत नाही, केव्हाही यावं. पण लवकर यावं. काल त्याच वेळेला भिकी माझ्यासमोर बसून भाकरी खात होती, तोंड भरलेलं होतं तिचं, आणि माझ्या मानेशी कुणीतरी अगदी स्पष्ट, आपल्या मराठीत "आई" म्हणालं. त्याच्या खऱ्या आईपर्यंत तेवढा निरोप पोचवा.