शिट्टी वाजेपर्यंत

ये, आत ये. दार लोटून घे, नाहीतर कॉरिडॉरचा वारा सरळ मानेवर येतो. बस त्या खुर्चीवर. टेबललॅम्प चालेल ना? वरच्या ट्यूबने माझं डोकं दुखतं.

तर तुला आर.ए. व्हायचंय. रेसिडेंट असिस्टंट. स्वतंत्र खोली, दारावर पाटी, मजल्याच्या सगळ्या किल्ल्या. आणि त्या बदल्यात कोणाला ताप आला, कोणाला घरची आठवण आली, कोणी नळ उघडा ठेवून झोपली, की सगळ्यांनी आधी तुझं दार ठोकायचं. हौस आहे बाई तुला! मलाही होती, पण माझं कारण वेगळं होतं. ते आजच सांगून ठेवते. उद्या दुपारी तुझी दारं आहेत, आणि शेवटच्या दारापाशी थांबून तू मला प्रश्न विचारत बसलेली मला चालायचं नाही.

दारं म्हणजे काय, ते मुलींनी सांगितलं असेलच. सुट्टीत होस्टेल रिकामं असतं, तेव्हा वरच्या मजल्यावर ही परीक्षा होते. प्रत्येक दारामागे एखादी जुनी आर.ए. सोंग घेऊन बसते. एका खोलीत दोघी भांडत असतात, एकीत कोणी उशीत तोंड खुपसून रडत असते, एकीत कोणी पिऊन आलेली असते. तू दार ठोकायचंस, आत जायचंस आणि समोर येईल ते निस्तरायचंस. परीक्षा घेणारी मागे उभी राहून बघते. तिने शिट्टी वाजवली की ते दार संपलं. मग मघाची रडणारी डोळे पुसून फिदीफिदी हसते. पण शिट्टी वाजेपर्यंत सोंग सोडायचं नाही. काही झालं तरी नाही.

आमच्या वेळी परीक्षा घेणाऱ्या बाईला सगळ्या जणी शिट्टीच म्हणायच्या. आधी ती आर.ए. होती, मग इथेच सहायक रेक्टर झाली. गळ्यात काळ्या दोरीत ओवलेली पितळी शिट्टी कायम असायची, जेवतानासुद्धा. हो, हीच ती. माझ्या गळ्यातली.

माझी ताई इथे आर.ए. होती. तिला लहानपणापासून दमा. आम्ही दोघी एका खोलीत झोपायचो, त्यामुळे गाढ झोपेतही माझा एक कान तिच्याकडे असायचा. तिच्या छातीतून बारीक सूं-सूं सुरू झालं की मी उठायचे, अंधारात चाचपडत तिचा पंप शोधून तिच्या हातात द्यायचे आणि परत झोपायचे. शेवटच्या वेळी ती घरून निघाली तेव्हा मी तिच्या नखांना हिरवं नेलपॉलिश लावून दिलं होतं. अंगठ्याचं जरा पसरलं. पुसायला गेले तर म्हणाली, "राहू दे गं, तेवढीच तुझी आठवण."

मग एका संध्याकाळी तिचा फोन आला. "उद्या आमची दारं आहेत. मला दम लागलेल्या मुलीचं काम दिलंय. शिट्टी म्हणते, तुला सवयच आहे, तू छान करशील." असं सांगून हसली. मीही हसले. मला वाटलं, कॉलेजात काहीतरी नाटक असेल. दुसऱ्या दिवशी दुपारी ताई गेली.

रेक्टर मॅडम आणि शिट्टी दोघी घरी भेटायला आल्या. मॅडम म्हणाल्या, ती आपल्या खोलीत झोपली होती, झोपेतच दम लागला, जवळ कोणी नव्हतं. आई नुसती ऐकत होती. मी पाणी घेऊन गेले. शिट्टीने ग्लास घेतला, पण देणाऱ्या हाताच्या वर काही तिने बघितलं नाही. पाणी प्यायली आणि एकदम म्हणाली, "काकू, इतकी छान करत होती हो ती... आम्हाला वाटलं..." मॅडमनी पटकन तिच्या हातावर हात ठेवला आणि ती गप्प झाली. मग चहा आला, तर म्हणाली, मला साखर कमी लागते.

झोपलेली मुलगी काय छान करत असते, सांग बरं मला!

मी हट्टाने याच कॉलेजात आले. आईने माझ्याशी बोलणं टाकलं. आमचं आडनाव प्रत्येक वर्गात दोघा-तिघांचं असतं, त्यामुळे इथे कोणी काही विचारलं नाही. पहिल्याच वर्षी मुलींच्या तोंडून दारांबद्दल ऐकलं आणि सगळं डोळ्यांसमोर उभं राहिलं. ताईला वरच्या मजल्यावरची शेवटची खोली दिली होती. तिला खरंच दम लागला. पंप खाली तिच्या खोलीत. ती सांगत राहिली असणार, खरंच लागलाय, कोणीतरी पंप आणा. आणि शिट्टी दारात उभी राहून मान डोलावत असणार, काय करते पोरगी, वा! शिट्टी वाजल्यावरही ताई धापा टाकत राहिली असती, तर कोणाच्याही लक्षात आलं असतं. म्हणजे ती वाजलीच नाही. चहाची वेळ झाली आणि बाई परीक्षा देणाऱ्या मुलीला घेऊन, दार ओढून चालती झाली.

तेव्हापासून ती खोली बंद असते. आत जुन्या गाद्या रचल्यात.

मला एवढंच हवं होतं, की त्या बाईला त्या दारासमोर उभं करायचं आणि तोंडावर विचारायचं, का नाही वाजवलीस? तिने माझ्यासमोर उत्तर द्यायला हवं होतं. त्या मजल्यावर तिच्याबरोबर जायचा एकच रस्ता होता. केला अर्ज. मुलाखतीत विचारलं, हे काम का हवंय? म्हटलं, मला लोकांच्या उपयोगी पडायला आवडतं. सगळ्या तेच सांगतात. तूही तेच सांगितलं असशील.

माझ्या दारांच्या दिवशी मरणाचा उकाडा होता. वरचा मजला ओस पडलेला, खिडक्या बंद, फरशीला फिनेलचा वास. मी पुढे, शिट्टी मागे. तिच्या चपलांचा फटक-फटक आवाज माझ्या पाठीवर चालून यायचा. भांडणाऱ्या दोघींना मी वेगळं केलं. रडणारीच्या शेजारी बसून राहिले. प्यायलेली तर इतकं वाईट सोंग करत होती, की तिच्या तोंडाला टूथपेस्टचा वास येत होता. प्रत्येक वेळी माझ्या कानाशी शिट्टी वाजायची आणि आतली मुलगी हसत उठायची.

"झालं तुझं," शिट्टी म्हणाली. "चला, चहा घेऊ."

"मॅडम, एक दार राहिलं," मी म्हटलं.

"ते आपल्यात नाही. अडगळ आहे तिथे."

मी तिला विचारणारच होते. शब्द अगदी जिभेवर होते. तेवढ्यात त्या दारामागून आवाज आला... सूं... सूं... झोपेत ओळखायचे मी तो आवाज, जागेपणी नाही ओळखणार? आणि त्या फिनेलमधून, जुन्या कापसाच्या वासामधून, नेलपॉलिशचा वास आला. ओल्या, आत्ताच लावलेल्या नेलपॉलिशचा.

"कोणी आहे का... बाहेर..."

शिट्टीचं तोंड उतरलं. पण बाई हुकूम सोडण्यात मुरलेली. तिला वाटलं, मुलींनी चेष्टा मांडलीय. "कोण आहे आत? कोणी बसवलं तुला इथे?" असं ओरडत तिने कडी काढली आणि तरातरा आत गेली. तिच्या मागे दार लागलं. मी कडी घातली नाही हं. माझे दोन्ही हात ओढणीत गुंडाळलेले होते. पण दार लागलं ते घट्ट लागलं.

मग आत दोन श्वास ऐकू यायला लागले. एक माझ्या ओळखीचा, एक नवा.

"ए... दार उघड..." शिट्टीचा आवाज होता. "मला... दम लागतोय..."

मी दाराला तोंड लावून म्हटलं, "छान करताय, मॅडम."

"नाही गं... खरंच सांगते... खरंच..."

तोवर बाकीच्या खोल्यांतल्या मुली बाहेर आल्या. अगं, शिट्टी स्वतः करतेय, असं म्हणून एकमेकींना कोपराने ढोसायला लागल्या. एकीने टाळ्या वाजवल्या, मग सगळ्यांनीच वाजवल्या. आतून फू... फू... अशी नुसती हवा येत होती. ती शिट्टी वाजवायचा प्रयत्न करत होती आणि तिच्या छातीत फुंकण्यापुरताही वारा उरला नव्हता. मुली हसत-खिदळत चहाला खाली गेल्या. मी एकटी उभी राहिले. मला आनंद झाला होता, खोटं कशाला बोलू? इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला पोटभर श्वास घेता आला.

मग दाराखालच्या फटीतून ही शिट्टी बाहेर आली. हळूच, कोणीतरी सरकवल्यासारखी. सरकवणारी बोटं मला दिसली. हिरवी नखं... अंगठ्यावरचं पसरलेलं...

मला लगेच कळलं. ताईला शिट्टी वाजवून हवी होती. तेवढ्यासाठी अडून राहिली होती ती बिचारी, कोणीतरी वाजवावी आणि एकदाचं संपावं. पण मी वाजवली असती, तर आतल्या दुसरीचंही संपलं असतं. मी खाली वाकले, शिट्टी उचलली, गळ्यात घातली आणि चहाला गेले. दोन कप प्यायले.

शिट्टी मेली नाही. संध्याकाळी गाद्या मोजायला पहारेकरी वर गेला, तर दार नुसतं लोटलेलं होतं आणि बाई फरशीवर बसून तोंडाने श्वास ओढत होती. पुढे तिचा भाऊ सामान न्यायला आला, तेव्हा मॅडमना सांगत होता. डॉक्टर म्हणतात छाती अगदी साफ आहे, पण ही रात्रंदिवस धापा टाकते, आडवी होऊ शकत नाही, आणि सारखं एकच विचारते, वाजली का? अजून वाजली नाही का? मी दाराआड उभी राहून ऐकत होते. मला बरं वाटलं.

मी शांत डोक्याची आहे असं म्हणून मला आर.ए. केलं. पुढे परीक्षा घ्यायचं कामही माझ्याकडेच आलं. तेव्हापासून दरवर्षी दारांच्या दिवशी शेवटच्या दारामागे दोन श्वास ऐकू येतात, एक ताईचा आणि एक तिकडे घरी धापा टाकणाऱ्या त्या बाईचा. मी तिथे शिट्टी वाजवत नाही. मुलीला घेऊन सरळ पुढे निघून जाते.

काय? ताईचं काय?

तू हेच विचारणार, माहीत होतं मला. विचारू नकोस म्हटलं होतं ना! ...माझी बहीण आहे ती. मला कळत नाही असं वाटतं तुला? माझ्या रागासाठी तिला तिथे धापा टाकत ठेवलंय मी. दरवर्षी वाटतं, या वेळी वाजवू. आणि दरवर्षी ती चहातली कमी साखर आठवते.

काल दुपारी खोल्या झाडून घ्यायला वर गेले होते. आतून ताईने हाक मारली. माझं घरचं नाव घेऊन... या इमारतीत ते कोणालाच माहीत नाही. "पंप दे ना गं," म्हणाली. मला राहवलं नाही. म्हटलं, जाऊ दे, सुटली तर दोघीही सुटू देत. शिट्टी तोंडाला लावली आणि जोरात फुंकली.

वाजली नाही. परत फुंकली... नुसती हवा. आणि माझ्या छातीत इथे, बारीक... सूं... असं सुरू झालं. ते कालपासून थांबत नाही. मघापासून येतोय तो आवाज... तुला वाटलं असेल, खिडकीचा आहे...

म्हणून तुला... बोलावून घेतलं. दारांबद्दल सांगायचं... नुसतं निमित्त होतं गं. ही घे... घे ना हातात. तुझा श्वास... चांगला आहे. आत्ता वर जा... शेवटच्या दारापाशी... आणि वाजव. एकदाच...

हसतेस काय?

नाही... हे दारांतलं नाही... परीक्षा उद्या आहे, ही... नाही. टाळ्या कसल्या वाजवतेस... ऐक... खरंच सांगते... खरंच...

बरं, जा... पण जाताना... दार तेवढं... उघडं ठेव.